मोठ्या कुत्र्याला अंगण हवंय, आणि अंगण आपल्याकडे आहे

पाच-सहा किलोंचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू घरात येतं, तेव्हा ते कुणाच्या मांडीवर बसणार यावरून मुलांची भांडणं होतात. दीड वर्षात तेच पिल्लू तीस-पस्तीस किलोंचं होतं. शेपटीच्या एका फटक्यात टीपॉयवरचे कप खाली येतात, फिरायला नेलं की ते आजोबांनाच ओढत नेतं, आणि मग घरात वेगळीच कुजबुज सुरू होते. याला कुठे तरी सोडून येऊ या का?

हे ‘कुठे तरी’ शोधणाऱ्याला आपला चिंचणी-तारापूरचा किनारा सोयीचा वाटतो. मुंबईपासून लांब, मोकळी वाळू, सुरूची झाडी, खाण्यापिण्याच्या गाड्या. इथे त्याचं पोट भरेल, अशी सोडणाऱ्यानं स्वतःची समजूत घातलेली असते.

शनिवार-रविवारची गर्दी ओसरल्यावर चिंचणीच्या सुरूच्या बागेत असा एखादा कुत्रा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे. मानेवर पट्ट्याच्या जागी केस झिजलेले. कोपरांना लादीवर बसून बसून पडलेले काळे घट्टे. तो भटकत नाही. जिथे गाडी थांबली होती तिथेच घुटमळतो, आणि त्या रंगाची गाडी दिसली की धावत सुटतो. दार उघडून दुसरंच कुणी उतरलं की दोन पावलं मागे सरतो.

उकिरड्यावर पोट भरायची त्याला सवय नसते. वस्तीतले कुत्रे त्याला आपल्या हद्दीत उभं राहू देत नाहीत. आकारानं तो त्यांच्या दुप्पट असतो, पण भांडणात मार तोच खातो. बघता बघता बरगड्या वर येतात, कानांत गोचिड्या भरतात. लहानसं पिल्लू असतं तर कुणी तरी पिशवीत घालून घरी नेलं असतं. या धिप्पाड जनावराच्या जवळ जायलाच लोक धजत नाहीत. ते घाबरतात, तो त्यांच्याहून जास्त घाबरतो, आणि मग एखादा दगड भिरकावला जातो.

सोडून जाणारा प्रत्येक माणूस निर्दय असतो असं मात्र मी मानत नाही. आपला बोईसर-तारापूरचा पट्टाच बदल्यांचा आणि भाड्याच्या खोल्यांचा. कारखाना बदलतो, शिफ्ट बदलते, घरमालक नवा येतो. कुणाच्या घरी आजारपण निघतं. कुणी पोराच्या वाढदिवसाला हौसेनं पिल्लू आणलेलं असतं, पुढची दहा-बारा वर्षं हिशेबात न धरता. ग्रेट डेन पन्नास-साठ किलोंच्या घरात जातो आणि सेंट बर्नार्ड त्याहूनही जड होऊ शकतो, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

त्यात आपली हवा. हस्की बर्फातली गाडी ओढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडलेला, सेंट बर्नार्ड आल्प्सच्या खिंडीतला. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ होते, तेवढाच गारवा. मे महिन्यात आपल्याकडे अंगावरचा घाम वाळत नाही इतका दमटपणा असतो, तिथे त्याच्या जिभेवरची वाफ होणार कशी? असे कुत्रे पंख्याखाली, गार लादीवर कसेबसे तग धरतात. त्यांना वाळूवर सोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

भीतीचाही वाटा मोठा आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ जातींच्या विक्रीवर आणि पैदाशीवर बंदी घाला, असं पत्र राज्यांना पाठवलं. महिनाभरातच, एप्रिलमध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द ठरवलं. पत्र गेलं, पण नावांची धास्ती मागे राहिली. कालपर्यंत मुलांबरोबर खेळणाऱ्या कुत्र्यावरून अचानक सोसायटीची सभा भरते, आणि कुटुंब एकटं पडतं.

कायदा काय करतो? पाळीव जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तेव्हा ही रक्कम मोठी असेल. आज चिंचणीच्या किनाऱ्यावर दोन शहाळी घ्यायला गेलात तर याहून जास्त पैसे मोजावे लागतील. या दंडाच्या भरवशावर एकही कुत्रा वाचणार नाही. वाचवायचा तो आपणच.

आणि हे जमतं, हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवून दिलं आहे.

२६ नोव्हेंबर २००८चा मुंबईवरचा हल्ला आपण कुणीच विसरलेलो नाही. त्या दिवसांत मुंबई पोलिसांचे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे लॅब्रॅडॉर स्फोटकं हुंगत फिरत होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी टाकलेले हातबॉम्ब सीझरनं शोधून काढले. नोकरी संपल्यावर या चौघांचं काय? वयस्क कुत्रे, सांधे दुखणारे, औषधं चालू असलेले. त्यांना विरारच्या एका प्राणिप्रेमी कुटुंबानं आपल्या फार्मवर नेलं. विरार म्हणजे आपलाच पालघर जिल्हा. तिथे त्यांना हिरवळ मिळाली, माणसं मिळाली, एकमेकांची संगत मिळाली. २०१६ साली एप्रिलमध्ये मॅक्स गेला, जूनमध्ये सुलतान, जुलैमध्ये टायगर आणि ऑक्टोबरमध्ये सीझर. साथीदार गेल्यावर मागे राहिलेल्यांनी मान टाकली होती, असं त्यांना सांभाळणारी माणसं सांगत.

या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? ते कुत्रे शूर होते म्हणून त्यांच्या बातम्या छापून आल्या. पण त्यांना लागलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. मोकळी जागा, दोन वेळचं जेवण, डॉक्टर, आणि शेवटपर्यंत सोबत राहणारं माणूस. सुरूच्या बागेत उभ्या असलेल्या त्या बिनानावाच्या कुत्र्यालाही एवढंच हवं आहे.

आता आपल्याकडे काय आहे ते बघा. मुंबईत मोठ्या कुत्र्याला घर मिळत नाही, कारण तिथे माणसालाच जागा नाही. चिंचणी, वरोर, वाढवण, तारापूर या पट्ट्यात अजून परस आहेत, ओटे आहेत, माडाच्या आणि चिकूच्या वाड्या आहेत. आपल्याकडे डाय कोरणारे कारागीर आहेत. सोनारांच्या दागिन्यांचे ठसे घडवणारी ही माणसं बऱ्याचदा घरालगतच, दिवसभर बैठक मारून काम करतात. वयात आलेल्या, पोक्त कुत्र्याला नेमकी अशी संगत हवी असते. त्याला दिवसभर कुणी खेळवायला लागत नाही. आपलं माणूस नजरेसमोर बसलेलं असलं की तो पायाशी अंग टाकतो आणि घोरायला लागतो.

मुक्या जिवासाठी हात पुढे करणं ही आपल्या किनाऱ्याला नवी गोष्टही नाही. पावसाळ्यात जखमी कासवं वाळूवर येतात, तेव्हा फोन कोण करतं? आपलीच पोरं. ती कासवं डहाणूच्या उपचार केंद्रात पोचतात. वनविभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्वेशन अँड अॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही तिथली संस्था मिळून ते काम करतात. संरक्षित जीव जाळ्यात अडकला तर जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमारांना २०१८ पासून राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. स्वतःचं जाळं कापायला जो समाज तयार होतो, त्याला कुत्र्यासाठी एक कोपरा जड आहे का?

फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच ठाम ठरवू या. अंगण म्हणजे साखळी नव्हे. ‘वाडीला राखण हवीच आहे, द्या मग’ असं म्हणून मोठा कुत्रा न्यायचा, चार हातांच्या साखळीला बांधायचा आणि भाकरीचा तुकडा टाकून निघून जायचं, याला घर देणं म्हणत नाहीत. बांधून ठेवलेला कुत्रा चिडका होतो आणि चिडका झाला की चावतो. ज्याला घरात किंवा पडवीत जागा देता येणार नाही, रोज दोनदा फिरवता येणार नाही, त्यानं नेऊ नये. स्पष्ट नाही म्हणणंसुद्धा त्या कुत्र्यावर उपकारच आहेत.

नेणाऱ्यानंही दया आली म्हणून त्याच संध्याकाळी नेऊ नये. दोन-तीनदा भेटायला जा. घरातली सगळी माणसं घेऊन जा, आजीसुद्धा आणि लहानगीसुद्धा. तो ताटलीजवळ कुणाला येऊ देतो का, दुसरा कुत्रा दिसला की काय करतो, फटाक्याला किती भितो, हे सांभाळणाऱ्याला विचारा. पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्या, कारण गोचिडीतून येणारा ताप आपल्याकडे सर्रास दिसतो आणि वेळेत कळला तर बरा होतो. मागचे पाय आणि खुबा तपासून घ्या. मोठ्या जातींत खुब्याचं दुखणं फार. रेबीजची लस, बाकीच्या लसी आणि नसबंदी यांत तडजोड नको. लेप्टोची लसही विचारून घ्या, आपल्या पावसाळ्यात ती हवीच.

घरी आल्यावरचे पहिले तीन दिवस तो कदाचित जेवणारच नाही. कोपऱ्यात बसेल, दार उघडलं की बाहेर पळू पाहील. पाहुण्यांना बोलावू नका, आंघोळ घालायची घाई करू नका, गेटची कडी मात्र नीट लावा. बचावकार्यातले लोक एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस बावरलेले, तीन आठवडे शिकण्याचे, तीन महिने घर आपलं वाटायला. प्रत्येक कुत्र्याला तो तंतोतंत लागू पडत नाही, पण दहाव्या दिवशी ‘हा काही रुळत नाही, परत न्या’ म्हणणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

खायला किती लागतं, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. तयार खाद्य द्यायचं तर तीस किलोंच्या कुत्र्याला महिन्याला दहा-बारा किलो लागतं. घरचं द्यायचं तर मऊ भात, उकडलेली कोंबडी, अंडं, भोपळा यांवर कितीतरी कुत्रे छान राहतात. प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं नकोत. आपल्याकडे मासळीला तोटा नाही, पण खारवलेली मासळी त्याच्या ताटलीत नको. जेवण दोन वेळा विभागून द्या आणि जेवल्यावर लगेच पळवू नका. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून जठराला पीळ पडतो, आणि हे दुखणं काही तासांत जीव घेऊ शकतं. पोट टणक होऊन फुगलं, उलटीसाठी उमाळे येतात पण काहीच पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

फिरवायचं ते ऊन चढायच्या आत आणि सूर्य कलल्यावर. वाळू हाताच्या पंजाला चटका देत असेल तर ती त्याच्याही पंजाला देते. समुद्रात डुंबला तर गोड्या पाण्यानं धुवा आणि कानांपासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा करा, नाही तर पावसाळाभर त्वचेचं दुखणं मागे लागेल.

बोईसरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ‘आमच्याकडे कसलं अंगण’ म्हणून बाजूला होऊ नये. सहा-सात वर्षांचा लॅब्रॅडॉर दिवसातला बराच वेळ झोपून काढतो. त्याच्यापेक्षा चिमुकला, उसळता कुत्रा फ्लॅट जास्त डोक्यावर घेतो. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, आणि आकार मोठा म्हणूनही नाही. पण शेजाऱ्याला कायद्याचा कागद दाखवण्याआधी कुत्रा दाखवा. जिन्यात पट्टा लावा, घाण स्वतः उचला, घाबरणाऱ्या काकूंना लिफ्टमधून आधी जाऊ द्या. त्यांची भीती खोटी नसते. लसीकरणाचं कार्ड सूचनाफलकावर लावलंत तर निम्मी कुरकुर तिथेच थांबेल. आणि कधी कुणाला दात लागलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

आता खरी मेख. एका मोठ्या कुत्र्याला वाचवणं एकट्या घराच्या आवाक्यात पुष्कळदा नसतं. चाळीस किलोंचं आजारी जनावर रिक्षात कोण घेणार? परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, एकोणिसाव्या शतकापासून जनावरांची सेवा करतंय, पण ते आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या पुढे. इथेच लोक हात टेकतात. माया असते, पण टेम्पो नसतो.

म्हणून हे काम गावकीसारखं वाटून घेऊ या. ज्याला कायमचा सांभाळ शक्य नाही, तो पंधरा दिवस ठेवून घेऊ शकतो. हे तात्पुरतं घरच सगळ्यात दुर्मीळ असतं, आणि त्याच्याचमुळे पुढचं पक्कं घर शोधायला उसंत मिळते. ज्याच्याकडे टेम्पो आहे त्यानं महिन्यातून एक फेरी द्यावी. चिकन सेंटरवाल्या दादांनी दिवसअखेरचं उरलेलं ताजं मांस द्यावं. कॉलेजातल्या मुलांनी बरे फोटो काढावेत. साखळीत, अंधारात, लाल डोळ्यांनी बघणाऱ्या कुत्र्याच्या फोटोला कुणी होकार देत नाही, तोच कुत्रा उन्हात जीभ बाहेर काढून बसलेला दिसला की चौकशा सुरू होतात. निवृत्त मंडळींनी सकाळच्या फेरफटक्यात एकाला सोबत घ्यावं. औषधाचा खर्च दहा घरांत विभागला तर कुणालाच जड जात नाही.

कागदावरही पक्कं करू या. दत्तक देताना साधा करार, ओळखपत्राची प्रत, लसीचं कार्ड, आणि त्यात एक अट लिहिलेली: जमलं नाही तर कुत्रा रस्त्यावर न सोडता आमच्याकडेच परत द्यायचा. सर्वोच्च न्यायालयानंही २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात, प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल असं म्हणताना, तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांच्यावरच टाकली आहे. आपणही स्वतःला तीच अट घालून घेऊ.

पिल्लू विकतच घ्यायचं ठरवलेल्यांनाही एक विनंती. आधी एकदा मोठा, घर शोधणारा कुत्रा बघून या. तरीही मन पिल्लावरच असेल तर निदान विचारा, विकणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, पिल्लू आठ आठवड्यांचं झालंय का. २०१७च्या नियमांत या दोन्ही गोष्टी आहेत. चाळीस दिवसांचं पिल्लू आईपासून तोडून खोक्यातून विकणाऱ्याकडे गिऱ्हाईकच गेलं नाही, तर दोन वर्षांनी सुरूच्या बागेत उभे राहणारे कुत्रेही कमी होतील.

आणि ज्यांना आपला कुत्रा खरोखरच ठेवता येणार नाही, त्यांच्याशी आपण नीट बोलायला शिकू या. बदलीचा कागद हातात पडला, घर सोडावं लागतंय, बिछान्याला खिळलेलं माणूस घरात आहे, तर लाजू नका. दोन महिने आधी सांगा. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, कोणत्या हाकेला तो धावत येतो, हे एका कागदावर लिहून द्या. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही, एवढी हमी आपण सगळ्यांनी मिळून द्यायला हवी. बोल लागेल या भीतीनंच माणसं काळोखात गाडी थांबवून दार उघडतात.

आपापल्या गावच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. शंभर पानी वही आणा. एका पानावर तात्पुरती घरं, दुसऱ्यावर टेम्पो आणि रिक्षावाले, तिसऱ्यावर पशुवैद्य, चौथ्यावर महिन्याला जमेल तेवढी वर्गणी देणारे. नावांची लांबलचक यादी होईपर्यंत थांबायचं कारण नाही. सुरुवातीला चार घरं पुरेत: चिंचणीत दोन, तारापूरला एक, बोईसरला एक.